शेड झाडली आणि आठ दिवस लघवी मोजत बसलो: माझा हांटाव्हायरसचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, आता मी ठणठणीत आहे, किडनी शाबूत आहे, त्यामुळे वाचताना टेन्शन घेऊ नका. हांटाव्हायरस म्हणजे उंदरांच्या लेंड्या-लघवीच्या धुळीतून होणारा, किडनीला धरणारा ताप. हे लिहितोय कारण २०२१ च्या मे महिन्यात तापाने फणफणलेलो असताना मी मोबाईलवर मराठीत काहीतरी शोधत होतो आणि लेप्टोशिवाय काही सापडेना. जर्मनीत राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी कोणी बाग घेतली असेल, कोणाच्या घराला जुना केलर, म्हणजे तळघर, असेल, कोणी जंगलातल्या लाकडी हुट्टंमध्ये सुट्टी घालवणार असेल तर त्याला उपयोग होईल.

आम्ही राहतो स्टुटगार्टच्या दक्षिणेला, श्वेबिश आल्बच्या पायथ्याशी. डोंगर, बीच नावाच्या झाडांची जंगलं, एकदम चित्रासारखं. लॉकडाऊनमध्ये घरात बसून पोरगी वेडी व्हायची वेळ आली होती म्हणून आम्ही २०२१ च्या मार्चमध्ये एक क्लाइनगार्टन भाड्याने घेतलं, म्हणजे जंगलाच्या कडेला पट्ट्यापट्ट्याने बागा असतात त्यातला एक पट्टा. त्यावर एक लाकडी खोपटं असतं, त्याला इथे लाउबं म्हणतात, मी आपलं शेडच म्हणतो. आधीच्या आजोबांनी ती दोन हिवाळे उघडली नव्हती.

२४ एप्रिल, शनिवार. तारीख पक्की लक्षात आहे कारण त्याच दिवसापासून बुंडेसनोटब्रेम्सं, म्हणजे कोविडचा देशभराचा कडक नियम, लागू झाला होता, रात्री दहानंतर बाहेर फिरायला बंदी वगैरे. आम्ही सकाळीच बागेत गेलो, बायको आणि पोरगी बाहेर वाफे खणत होत्या आणि मी एकटा शेडमध्ये. खिशात एफएफपी-टू मास्क होता, दुकानात जायला मेडिकल किंवा असा मास्क सक्तीचाच होता तेव्हा. पण शेडमध्ये दुसरं कोण होतं? म्हणून काढून खिशात ठेवला. हे वाक्य मी नंतर निदान दहा जणांना सांगितलं आणि दहाही जण हसले.

आत एक जुनं टेबल होतं, त्याचा खालचा ड्रॉवर अडकलेला. जोर लावून ओढला तर आत बियांच्या पाकिटांचे कुरतडलेले तुकडे, कापूस, वाळलेलं गवत असं सगळं मिळून वाटीएवढं घरटं, आणि भोवती काळे काळे तांदळाच्या कणीएवढे दाणे. उंदीर नव्हता, फक्त त्याचा संसार. मी ड्रॉवर उलटा करून जमिनीवर आपटला आणि मग कुंचा घेऊन कोरडंच झाडून काढलं. दाराच्या फटीतून ऊन येत होतं आणि त्या तिरिपेत धूळ नाचताना दिसत होती, छान वाटलं होतं बघायला. दोन शिंका आल्या. संपलं. त्यानंतर तीन आठवडे काही म्हणजे काही झालं नाही आणि मी तो ड्रॉवर साफ विसरून गेलो.

१६ मे, रविवार संध्याकाळ. जेवता जेवता हुडहुडी भरली. दोन गोधड्या घेऊनही दात वाजत होते, ताप ३९.६. डोकं असं दुखत होतं की डोळे हलवले तरी कळ जायची. अर्थातच सगळ्यांना कोविड वाटलं. भारतात दुसरी लाट चालू होती, आई रोज फोनवर कोणाकोणाच्या बातम्या सांगत होती, त्यामुळे मी तिला दोन दिवस काही बोललोच नाही. घरातली रॅपिड टेस्ट निगेटिव्ह. सोमवारी हाउसआर्त्स्टकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे फोन केला, त्यांनी आत न घेता दवाखान्याच्या मागच्या अंगणात बोलावून नाकातला स्वॅब घेतला आणि शुक्रवारपर्यंतची आजारपणाची पिवळी चिठ्ठी दिली. मंगळवारी रात्री पीसीआर निगेटिव्ह. खर्च शून्य. मला वाटलं चला सुटलो, साधा फ्लू असणार.

इथे मी एक घोळ घातला. ताप उतरवायला घरात आयबुप्रोफेन होती, म्हणजे आपलं ब्रुफेन, ती मी चारशेची दिवसातून तीनदा घेत राहिलो, तीन दिवस. ताप उतरायचा, घाम यायचा, परत चढायचा. या आजारात किडनीला सूज येते आणि ब्रुफेन जातीच्या गोळ्या किडनीवर अजून ताण देतात हे मला कुठून माहीत असणार! कारण माहीत नसलेला जोरदार ताप आणि त्यासोबत पाठ दुखत असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय या गोळ्या नकोत, एवढंच सांगेन.

बुधवारी दोन नवीन गोष्टी झाल्या. एक म्हणजे कंबरेच्या वर दोन्ही बाजूंनी, बरगड्यांच्या खाली, ठणका सुरू झाला, कूस बदलता येईना. दुसरी जरा विचित्र. टीव्हीवर बातम्यांच्या पट्टीतली अक्षरं वाचता येईनात. मी चष्मा पुसला, परत लावला, बायकोला म्हटलं, "टीव्हीचं काहीतरी बिघडलंय का गं?" ती म्हणाली, "टीव्ही बरा आहे, तुझंच बघ." हे लक्षण मी डॉक्टरना सांगणारच नव्हतो, तापामुळे असेल म्हणून. बायकोने दामटून सांगायला लावलं. आणि लघवी कमी होत होती, पण पाणी कमी पितोय म्हणून असेल असं मीच ठरवून टाकलं होतं.

गुरुवार २० मे. पीसीआर निगेटिव्ह असल्यामुळे यावेळी दवाखान्यात आत घेतलं. डॉक्टरबाई वयस्कर आहेत, याच भागातल्या. त्यांनी पाठीवर दोन्ही बाजूंनी हलकेच बुक्की मारली, मी ओरडलोच. मग माझं ते अंधुक दिसण्याचं ऐकलं, जरा थांबल्या, आणि विचारलं, "गेल्या महिन्या-दीड महिन्यात तुम्ही कुठे धुळीत काम केलंय का? केलर, गॅरेज, लाकडाचा ढीग?" मी नाही म्हणालो. हो, चक्क नाही म्हणालो! कोट घालून दारापर्यंत गेल्यावर आठवलं, परत वळून म्हटलं, एक शेड झाडली होती, पण त्याला चार आठवडे होत आले. त्या म्हणाल्या, "बसा परत." तिथेच रक्त आणि लघवी घेतली, तपासणीच्या कागदावर एक जादा खूण केली आणि ब्रुफेन बंद करायला लावली.

तुम्हाला कधी असा ताप आला तर मागच्या दोन दिवसांचं नाही, मागच्या दोन महिन्यांचं आठवा. या विषाणूला अंगात शिरल्यापासून ताप यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. तोवर कॅलेंडरचं पान उलटलेलं असतं, आणि डॉक्टरने विचारलं तरी तुमच्या तोंडून आपसूक नाही निघतं.

शुक्रवारी सकाळी पावणेनऊला दवाखान्यातूनच फोन. प्लेटलेट्स ६८ हजार, त्या दीड लाखाच्या वर हव्यात. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढणारा आकडा, २.४, माझं नेहमीचं एकच्या आसपास. लघवीत प्रोटीन भरपूर. "आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जा, चिठ्ठी काउंटरवर ठेवलीये." या चिठ्ठीला आइनवाइझुंग म्हणतात, ती असली की इमर्जन्सीत गेल्यावर पहिल्यापासून रामायण सांगावं लागत नाही. सोबत हेल्थ कार्ड, चालू औषधांची यादी, चार्जर, चष्मा, आणि स्लीपर घ्या. स्लीपर मी विसरलो आणि आठ दिवस मोज्यांवर फिरलो.

हॉस्पिटलात परत कोविडची टेस्ट, रिझल्ट येईपर्यंत एकट्याला खोलीत. इमर्जन्सीत साडेचार तास गेले. भेटायला कोणाला परवानगी नव्हती, बायको पिशवी गेटवर देऊन गेली. पोरगी खाली पार्किंगमध्ये उभी राहून हात हलवत होती आणि मला तिसऱ्या मजल्यावरून ती नीट दिसतच नव्हती, डोळ्यांमुळे. तो दिवस वाईट होता.

तिथल्या तरुण डॉक्टरने पलंगाशेजारी बसून नीट समजावलं. संशय हांटाव्हायरसचा, त्यातही पुमाला नावाच्या प्रकाराचा. पुमाला हे फिनलंडमधलं एक गाव, तिथल्यावरून नाव पडलं, आणि हांटा हे कोरियातल्या हांटान नदीवरून. कोरियाच्या युद्धात हजारो सैनिकांना असाच किडनीचा ताप आला होता, त्यातून पुढे या कुळाचा शोध लागला. इकडे जर्मनीत हा विषाणू र्‍योटेलमाउस नावाच्या उंदराकडून येतो, तांबूस पाठीचा, आखूड शेपटीचा, जंगलाच्या कडेला राहणारा गोंडस प्राणी. त्याला स्वतःला काही होत नाही. त्याच्या लघवीतून, लेंड्यांतून, लाळेतून विषाणू पडतो, ते वाळतं, धूळ होते, आणि माझ्यासारखा कोणीतरी ती कुंच्याने उडवून श्वासात घेतो. उंदीर चावायलाच पाहिजे असं नाही, दिसायलाही पाहिजे असं नाही.

मी पहिलं विचारलं ते म्हणजे घरच्यांना होईल का. नाही. पुमाला माणसाकडून माणसाला होत नाही. दक्षिण अमेरिकेतला अँडीज नावाचा हांटा तसा पसरू शकतो, अमेरिकेतला तर थेट फुप्फुसांवर जातो आणि फार जीवघेणा आहे, पण आमच्याकडचा त्यामानाने सौम्य भाऊ, मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या बरंच खाली. दुसरा प्रश्न औषधाचा. तर औषध नाही. लसही नाही. शरीर आपलंआपण निस्तरतं, तोवर किडनीला सांभाळायचं, आणि नाहीच ऐकलं तर काही दिवस डायलिसिस. हा शब्द ऐकल्यावर पुढचं मला काही ऐकू आलं नाही.

मग सुरू झालं मोजमाप. रोज सकाळी सहाला वजन. आत जाणारा प्रत्येक थेंब कागदावर लिहायचा, चहासकट, आणि बाहेर येणारा प्रत्येक थेंब प्लास्टिकच्या बाटलीत धरायचा, ती बाटली रेषेपर्यंत वाचायची आणि मोठ्या डब्यात ओतायची. नर्स याला बिलांट्स म्हणायच्या, म्हणजे ताळेबंद. पहिल्या पूर्ण दिवसात, शनिवारी, माझी जमा १४०० आणि खर्च ३५०. मिलिलिटर. पाय सुजले, वजन दीड किलो वाढलं, पाणी पिण्यावर मर्यादा आली. मला तोवर वाटायचं किडनीचा आजार म्हणजे भरपूर पाणी प्या, पण लघवी होत नसताना ते पाणी जाणार कुठे? तहान लागलेली आणि समोर अर्धाच ग्लास, रात्री दोनला उठून त्या बाटलीकडे बघत बसायचो की अजून पन्नास तरी होईल का.

आणि वर पफिंग्स्टन या ख्रिस्ती सणाचा जोडून आलेला वीकेंड. शुक्रवारी दुपारी घेतलेलं अँटिबॉडीचं रक्त सोमवारच्या सुट्टीमुळे मंगळवारपर्यंत कुठेतरी पडून होतं. मी जाम चिडलो होतो, पण खरं सांगायचं तर रिपोर्ट लगेच आला असता तरी उपचार तेच राहिले असते. क्रिएटिनिन मात्र रोज येत होतं: ३.३, ४.२, सोमवारी ५.१. किडनीचे डॉक्टर येऊन म्हणाले, पोटॅशियम ठीक आहे, फुप्फुसात पाणी नाही, उद्यापर्यंत थांबू. डायलिसिसच्या संमतीचा फॉर्म मात्र टेबलावर ठेवून गेले. मी त्यावर जर्मन-मराठी डोकं लावून प्रत्येक शब्द वाचला, सही केली नाही, उद्या करू म्हटलं.

त्या रात्री आईला शेवटी सांगितलं. ती म्हणाली, "उंदीर म्हणजे लेप्टो ना रे? गोळ्या देतात की त्याच्यावर." तिला समजावलं की लेप्टो जिवाणूचा, त्याला अँटिबायोटिक चालतात, हा विषाणू आहे. ती थोडा वेळ गप्प आणि मग, "तुला कोणी सांगितलं होतं रे शेड झाडायला? घरी कधी केरसुणीला हात लावला नाहीस!"

मंगळवार २५ मे, पहाटे चारला बाटली भरली. पूर्ण. मग सहाला परत. दुपारपर्यंत दोन लिटर झाले आणि नर्स आणि मी दोघेही त्या डब्याकडे बघून हसत होतो. बुधवारी चोवीस तासांत ५.२ लिटर! हा आजाराचाच पुढचा टप्पा असतो, किडनी उघडते पण तिला अजून धरून ठेवता येत नाही, त्यामुळे आता उलट, प्या प्या म्हणून मागे लागतात आणि क्षार बिघडू नयेत म्हणून रक्त तपासत राहतात. झोप अजिबात नाही, तासातासाला फेऱ्या. पण कसली मजा वाटत होती काय सांगू. त्याच मंगळवारी दुपारी रिपोर्ट आला, हांटा आयजीएम, म्हणजे ताज्या संसर्गाच्या अँटिबॉडी, पॉझिटिव्ह. बुधवारी टीव्हीवरची पट्टी वाचता आली. संमतीचा फॉर्म मी घडी करून पुस्तकात खूण म्हणून ठेवला, अजून आहे.

गुरुवारी अनोळखी नंबरवरून फोन, गेझुंडहाइट्सआम्ट, म्हणजे सरकारी आरोग्य खातं. आधी धस्स झालं, क्वारंटाइन वगैरे लावतात की काय. तसं काही नाही. हांटा इथे २००१ पासून कळवणं सक्तीचं असलेला आजार आहे, लॅब परस्पर नावासकट स्थानिक ऑफिसला कळवते, तिथून बर्लिनच्या रोबर्ट कोख इन्स्टिट्यूटला आकडा जातो तेव्हा नाव नसतं. बाई पंचवीस मिनिटं बोलल्या: ताप कधी, त्याआधी कुठे कुठे गेलात, शेड कुठल्या भागात, लेंड्या पाहिल्या का, झाडताना मास्क होता का. शेवटच्या प्रश्नाला मी खिशात होता म्हणालो, त्यांनीही हसू दाबलं असावं. त्यांच्याकडूनच कळलं की त्या वर्षी आमच्या भागात केसेस खूप होत्या आणि त्याचं कारण बीचच्या बिया. ज्या शरद ऋतूत बीचच्या झाडांना बिया बेसुमार लागतात त्या हिवाळ्यात उंदीर खाऊनपिऊन टिकतात, लवकर वितात, आणि पुढच्या वर्षी माणसं आजारी पडतात. २०१२ मध्ये देशभरात २८०० च्या वर लोकांना झाला होता. म्हणजे माझ्या तापाचं मूळ आदल्या वर्षीच्या झाडांत होतं!

२८ मेला, शुक्रवारी डिस्चार्ज, क्रिएटिनिन २.६. इथे एक कागदी गोष्ट लक्षात ठेवा. घरी सोडताना वॉर्डमधूनच पुढच्या सात दिवसांपर्यंतची आजारपणाची चिठ्ठी मिळू शकते, पण मागावी लागते. मी मागितली नाही, वॉर्डात घाई होती, मग सोमवारी धापा टाकत हाउसआर्त्स्टकडे जाऊन मागच्या शनिवारपासूनची घ्यावी लागली. मध्ये एक दिवसही गॅप नको, नाहीतर इन्शुरन्स आणि ऑफिस दोन्हीकडून पत्रं येतात. हॉस्पिटलात किती दिवस होतो त्याचा वेगळा दाखला मी तेव्हा घेतला, त्याची एक प्रत ऑफिसला दिली. २०२१ मध्ये कागदी चिठ्ठीचे भाग वेगवेगळे असायचे, ऑफिसला द्यायच्या भागावर आजाराचं नाव नसायचं, तोच दिला. पगार मला पूर्ण मिळाला, पहिले सहा आठवडे कंपनीच देते, त्यानंतर इन्शुरन्सकडून कमी पैसे येतात, पण मी पाच आठवड्यांत कामावर आलो.

खर्च विचाराल तर हॉस्पिटलचे दिवसाला दहा युरो, भरतीचा आणि डिस्चार्जचा दिवस दोन्ही धरून आठ दिवसांचे ऐंशी, त्याचं पत्र तीन आठवड्यांनी घरी आलं. वर्षातल्या जास्तीत जास्त २८ दिवसांपर्यंतच हे घेतात. शिवाय एका औषधाचे पाच युरो. एवढंच. भारतातून पाहुणे म्हणून आलेल्या कोणाला असं झालं तर गणित वेगळं, त्यांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स नीट वाचून घ्या.

घरी आल्यावर वाटलं आता झालं, पण नाही. दर आठवड्याला रक्त, १.९, मग १.४. जिना चढून तिसऱ्या मजल्यावर घरी यायला मध्ये बसावं लागायचं. दुपारी जेवून आडवा झालो की थेट संध्याकाळ. चिडचिड इतकी की पोरगी आईला विचारायची, बाबा बरा झालाय ना? हे कोणी आधी सांगितलं नव्हतं, की आकडे सुधारल्यावरही थकवा आठवडेच्या आठवडे राहतो. २१ जूनला लॅपटॉप उघडला, घरूनच, आणि पहिल्या मीटिंगमध्ये वीस मिनिटांत माझं लक्ष उडालं. त्याच दिवशी क्रिएटिनिन १.१ आलं. जुलैच्या शेवटी कुठे मी परत मी वाटायला लागलो. बीपी आणि लघवीतलं प्रोटीन वर्षभर अधूनमधून बघायला सांगितलं होतं.

शेडमध्ये ऑगस्टमध्ये गेलो. बायको नको म्हणत होती, अँटिबॉडी आहेत असं सांगून पटवलं. यावेळी दार-खिडकी उघडून अर्धा तास बाहेर बसलो, मग एफएफपी-थ्री मास्क आणि रबरी हातमोजे, आणि सगळ्यावर आधी क्लीनर मिसळलेलं पाणी फवारलं, चांगलं ओलंचिंब, म्हणजे धूळ उडायला नको. कुंचा नाही, व्हॅक्यूम तर अजिबात नाही, तो धूळ मागच्या बाजूने बाहेर फेकतो. कागदी टॉवेलने उचलून दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात. ड्रॉवर अख्खा टाकून दिला. जमिनीलगत दोन भोकं होती, अंगठ्याएवढी, ती जाळी ठोकून बुजवली.

शेजारच्या बागेतले आजोबा कुंपणावर कोपर टेकून सगळं बघत होते. म्हणाले, "हांटा ना? मला २०१२ ला झाला होता." मी म्हटलं, मग मार्चमध्ये का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत." आणि टोपलीभर झुकिनी देऊन गेले.